‘ज वे मॉंजे’ म्हणजे ‘जेवणार आहे’, ‘जेवायला जातेय’ नाही

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही परळला राहतो, मुलगी अकरावीला आहे आणि सेकंड लँग्वेज फ्रेंच घेतलीये. मला स्वतःला फ्रेंचचं एक अक्षर येत नाही, पण रात्री ती पाठ करते तेव्हा वही धरून मीच बसते. युनिट टेस्टमध्ये फ्युत्यूर प्रॉश म्हणजे नजीकच्या भविष्यकाळाचा प्रश्न होता, त्यात दहापैकी तीन मिळाले. तिने ‘ज वे मॉंज’ लिहिलं, ‘नू-झालों मॉंजों’ लिहिलं, एका ठिकाणी ‘ज वे आ मॉंजे’, सगळ्यावर लाल रेघ. विचारलं तर म्हणतात पाठ करा. पाठ करते हो, पण दुसऱ्या दिवशी परत तेच. हे मला तिला समजावून सांगता येईल का?
– एक आई, परळ

उत्तर : नक्की येईल ताई, आणि फ्रेंच न येता येईल, कारण हा काळ मराठीत जसाच्या तसा आहे. मुलं तो इंग्लिशवरून शिकतात आणि तिथेच घोळ होतो.

तिला आधी मराठीत म्हणायला लावा. मी जेवणार आहे, तू जेवणार आहेस, आम्ही जेवणार आहोत, ते जेवणार आहेत. आता विचारा, बदललं काय? ‘जेवणार’ तसंच राहिलं, हलला तो फक्त ‘आहे’. फ्रेंचमध्ये ‘आहे’च्या जागी ‘आले’ म्हणजे जाणे या क्रियापदाचा वर्तमानकाळ येतो आणि ‘जेवणार’च्या जागी मूळ क्रियापद, डिक्शनरीत असतं तसं, त्याला हातसुद्धा लावायचा नाही. ज वे मॉंजे, त्यू वा मॉंजे, इल वा मॉंजे, नू-झालों मॉंजे, वू-झाले मॉंजे, इल वों मॉंजे. (इथला ‘ज’ टेलिव्हिजनमधल्या ज सारखा म्हणा.) ‘नू-झालों मॉंजों’ का चुकलं हे तिला आता लगेच कळेल, आपण ‘आम्ही जेवणारोत आहोत’ म्हणत नाही ना, तसंच ते.

म्हणजे पाठ करायचे ते आले चे सहा शब्द. त्यातले अवघड वाटणारे दोन तर मराठी माणसासाठी सगळ्यात सोपे, कारण नू आणि आलों जोडून म्हटले की मधला एस ‘झ’ सारखा ऐकू येतो आणि होतं ‘नू-झालों’, तसंच ‘वू-झाले’, अगदी आपलं झालो आणि झाले, फक्त पहिल्याचा शेवट नाकातून. अर्थ मात्र उलटा हां, आपलं झालो म्हणजे होऊन गेलं आणि हे अजून व्हायचंय. लिहिताना एवढं बघा की ‘त्यू वा’ मधल्या वा ला शेवटी एस असतो आणि ‘इल वा’ ला नसतो, उच्चार दोन्हीचा एकच, त्यामुळे ऐकून लिहिणारी मुलं तिथे हमखास मार्क घालवतात.

आता ते ‘ज वे आ मॉंजे’. हे मला फार वेळा दिसतं. जेवायला मधला ‘ला’ किंवा इंग्लिशमधला ‘टू’ डोक्यात असतो म्हणून मुलं मध्ये ‘आ’ घालतात. मध्ये ‘आ’ येत नाही. ‘आ’ येतो तो गावाच्या नावाआधी, ज वे आ पुणे, मी पुण्याला जातेय, तिथे पुढे दुसरं क्रियापदच नाही. आणि मी पुण्याला जाणार आहे म्हणायचं तर ‘ज वे आले आ पुणे’, दोनदा जाणे आलं म्हणून मुलं घाबरून एक खोडतात, खोडू नका, बरोबर आहे ते.

नकाराचंही मराठीसारखंच. मी जेवणार नाही, तू जेवणार नाहीस, म्हणजे नाही हे ‘आहे’च्या जागेवर बसतं. फ्रेंचमध्येही न आणि पा हे दोघं वे च्या दोन बाजूंना उभे राहतात, ज न वे पा मॉंजे, मॉंजे पर्यंत पोचतच नाहीत. बोलताना फ्रेंच लोक तो न बऱ्याचदा गिळतात, पेपरात मात्र लिहायचाच.

एकच गोष्ट मराठीवरून सुटणार नाही. उठणे म्हणजे ‘स लव्हे’, यातला ‘स’ माणसाप्रमाणे बदलतो आणि मूळ क्रियापदाला चिकटून बसतो : ज वे म लव्हे, त्यू वा त लव्हे, नू-झालों नू लव्हे. ‘ज म वे लव्हे’ चूक. हे मात्र रोज पाच वाक्यं लिहूनच बसतं.

आणि नावातल्या ‘नजीकच्या’ वर जाऊ नका. पुढच्या वर्षी घर बदलणार आहोत हेही याच काळात चालतं, कारण ठरलंय. आकाश काळं झालंय, दादरला उतरायच्या आत पाऊस येणार हे दिसतंय, तर ‘इल वा प्लव्वार’. दुसरा भविष्यकाळ, फ्युत्यूर सँप्ल, तो आपल्या जेवेन, जेवशील, जेवेल सारखा, तिथे शेपूट क्रियापदालाच लागतं : मॉंजरे, मॉंजरा. पेपरात दोन्ही आले तर तिला मनात एवढंच विचारू दे, हे ‘जेवणार आहे’ आहे की ‘जेवेन’ आहे.

प्रश्न : मॅडम, आले चालतं तर व्हनीर म्हणजे येणे वापरून पण भविष्यकाळ होतो का?
– विद्यार्थी, गिरगाव

उत्तर : नाही रे, तो बरोबर उलट्या बाजूला जातो. व्हनीरचा वर्तमानकाळ, मग ‘द’, मग मूळ क्रियापद, की अर्थ होतो नुकतंच केलं. ज व्यँ द मॉंजे, आत्ताच जेवलो. आले नंतर ‘आ’ किंवा ‘द’ जोडायचा नाही, व्हनीर नंतर ‘द’ पाहिजेच, तो राहिला तर ‘ज व्यँ मॉंजे’ म्हणजे मी जेवायला येतोय असं होतं, आणि समोरचा तुझं ताट वाढेल.