सॉफ्टवेअर असताना जड वायूसाठी विंड टनेल कशाला?

क्लोरीन गळला तर कुठवर जाईल हे कॉम्प्युटर मिनिटात सांगतो, मग विंड टनेलवर, म्हणजे प्लँटचं छोटं मॉडेल ठेवून त्यावर वारा सोडायच्या बोगद्यावर, खर्च का, असा तुमचा प्रश्न. कारण त्या मिनिटभराच्या उत्तरात तुमच्या प्लँटचा उतारच धरलेला नसतो. अलोहासारखं सॉफ्टवेअर जड वायूचं गणित करतं, मान्य. पण जमीन सपाट समजून.

बडोद्याजवळच्या एका केमिकल प्लँटमध्ये मी सेफ्टीत होतो. कन्सल्टंटने आपत्कालीन आराखडा दिला: टोनर (क्लोरीनच्या मोठ्या टाक्या) ठेवायच्या शेडपासून वाऱ्याच्या दिशेने, वायू कुठवर जाईल ते दाखवणारा सुबक रंगीत लंबगोल, आणि असेंब्ली पॉइंट, म्हणजे धोक्यात सगळ्यांनी जमायची जागा, उलट बाजूला, सखल भागात. मीटिंगमध्ये मी म्हटलं, क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो आधी खाली बसतो, चहूकडे पसरतो, मग वाऱ्याचं ऐकतो. साहेब हसले, "तमे बहु विचारो छो."

पुढे थंडीत एका पहाटे टोनरच्या लिक्विड व्हॉल्व्हची ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचं सील, गळली. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, विंडसॉक, नुसती लोंबत होती; वारा नव्हताच. पिवळट-हिरवा थर पोटरीच्या वर नव्हता, पण केबल ट्रेंच धरून असेंब्ली पॉइंटकडेच निघाला. मी लोकांना चढावरच्या पाण्याच्या टाकीकडे पिटाळलं, म्हणून निभावलं. असेंब्ली पॉइंट मात्र मी रिटायर होईपर्यंत तिथेच!

टनेलमध्ये हे दिसतं, कारण मॉडेलवर भिंत, शेड, ट्रेंच सगळं असतं. वायूचं बसणं आणि वाऱ्याचं ढकलणं यांचं प्रमाण मात्र राखावं लागतं: वायू तितकाच जड ठेवला तर 1:100 मॉडेलला वारा दशांश (100 चं वर्गमूळ 10), म्हणजे 3 मीटर प्रतिसेकंदाचा 0.3. इंग्लंडात थॉर्नी आयलंडला 1982 ते 84 मध्ये दोन-दोन हजार घनमीटर फ्रिऑन-नायट्रोजन मिश्रण मोकळं सोडून पाहिलं, नंतर तेच प्रयोग टनेलमध्ये छोट्या प्रमाणावर केले.

हां, एक राहिलं. इतक्या मंद वाऱ्यात टनेलमधली हवा नीट घुसळतच नाही, मग आकडे फसवे येतात. त्यावर तोडगा म्हणून सल्फर हेक्साफ्लोराइडसारखा पाचपट जड वायू घेऊन वेग वाढवतात. आणि अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी दाबाखालून फुटला की गार थेंबांसकट जमिनीलगत सरकतो. ते थेंब मॉडेलमध्ये नीट उतरत नाहीत.

टनेलचे पैसे मंजूर होईपर्यंत पावसाळ्यात प्लँटभर फिरा आणि पाणी कुठे तुंबतं त्याच्या खुणा करा. असेंब्ली पॉइंट तिथेच असेल तर हलवायला सांगा. साहेब "बहु विचारो छो" म्हणाले, तर ते लेखी मागा.