सिंगापूरच्या चांगी विमानतळावरचे बारा तास : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही पती-पत्नी (वय ६७ आणि ६३) मुलाकडे मेलबर्नला निघालो आहोत. मुंबईहून रात्री सुटणारे विमान सकाळी आठच्या सुमारास सिंगापूरला उतरते आणि पुढचे विमान रात्री आठला आहे. तिकीट एकच असून बॅगा थेट मेलबर्नला मिळणार आहेत. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळाला आहे, सिंगापूरचा काढलेला नाही. तिकीट काढून देणारे गृहस्थ म्हणतात, विमानतळावरच बसा. मुलगा म्हणतो, शहर पाहून या. माझे गुडघे फारशी साथ देत नाहीत. आम्ही काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे मला अधिक पटते, मात्र त्याच्या मनातला कार्यक्रम आणि आपल्या गुडघ्यांना झेपणारा कार्यक्रम हे दोन वेगळे असू शकतात.

आधी व्हिसाचे पाहू. तिसऱ्या देशाला जाताना किंवा तिथून परतताना सिंगापुरात थांबणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला, त्याच्याकडे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एखाद्या देशाचा वैध व्हिसा आणि पुढच्या प्रवासाचे पक्के तिकीट असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय शहरात जाता येते. ही सवलत आहे, हक्क नव्हे; शेवटचा निर्णय तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो ई-मेलने आलेल्या पत्राच्या रूपात असतो. त्यामुळे ते पत्र आणि पुढचे तिकीट यांच्या छापील प्रती दोघांनीही आपापल्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. या सवलतीच्या अटी बदलू शकतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर त्या एकदा वाचून घ्याव्यात.

शहरात जाणाऱ्याने ‘एसजी अरायव्हल कार्ड’ नावाचा फॉर्म पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो. तो पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. फॉर्ममध्ये ई-मेल पत्ता देताना मुलाचा न देता, जो आपल्याला स्वतःच्या फोनवर उघडता येतो तोच द्यावा. सिंगापुरात आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, प्रवेशाचा ई-पास ई-मेलनेच येतो.

आता वेळेचा हिशेब. तिकिटावर बारा तास दिसतात, पण तेवढे हाती येत नाहीत. विमानातून बाहेर पडणे, हातपाय धुणे आणि इमिग्रेशनची रांग यांत पहिला तास-सव्वा तास जातो. रात्री आठच्या विमानासाठी संध्याकाळी साडेपाचपर्यंत विमानतळाच्या इमारतीत परत असावे, असे मी सुचवीन. जाण्या-येण्याचे दोन तास धरले, तर शहरासाठी सव्वासहा-साडेसहा तास उरतात. त्यातही रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसाने सगळे वापरायचे ठरवू नये. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश उत्तरेला आहे. तिथे बाराही महिने दमट उकाडा असतो आणि दुपारनंतर वळवासारखी सर कोसळणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणून सकाळीच निघावे, दुपारी दोन-अडीचपर्यंत परतावे आणि झोप परतल्यावर घ्यावी. आधी झोप काढून मग बाहेर पडू, असा बेत बहुतेकांचा फसतो, कारण तोवर ऊन चढलेले असते आणि देवळेही बंद झालेली असतात.

कुठे जावे, याचे माझे उत्तर ‘लिटल इंडिया’ ही तिथली भारतीय वस्ती, असे आहे. परदेशात जाऊन पुन्हा इडली कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु रात्रीच्या प्रवासानंतर पोटाला ओळखीचे अन्न मिळाले, तर पुढचा दिवस सुधारतो, असा माझा अनुभव आहे. सेरंगून रस्त्यावर १९४७ पासून चाललेले ‘कोमल विलास’ हे शाकाहारी उपाहारगृह आहे. त्याच रस्त्यावर वीरमाकालियम्मन हे कालीचे जुने मंदिर आहे आणि जवळच टेक्का सेंटर हा भाजी-मासळीचा बाजार आहे. तिथे अर्धा तास नुसते फिरले, तरी तमिळ, चिनी आणि मलय माणसे एकाच ओट्यावरून कशी खरेदी करतात, ते दिसते. तिथून मेट्रोने तिसऱ्या स्थानकावर बोटॅनिक गार्डन आहे. २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केलेल्या या उद्यानात प्रवेश मोफत असून आतल्या ऑर्किड उद्यानाला मात्र तिकीट आहे. आपल्या गुडघ्यांसाठी एक इशारा येथेच देतो : मेट्रोचे स्थानक उद्यानाच्या एका टोकाला आहे आणि ऑर्किडचा भाग तिथून बराच आत आहे. ऑर्किड पाहायचेच असतील तर मेट्रोऐवजी टॅक्सीने ऑर्किड उद्यानाजवळच्या दारापर्यंत जावे, नाहीतर उद्यानाचा हट्ट सोडून लिटल इंडियातूनच परतावे.

विमानतळाहून मेट्रोने जाताना ताना मेरा येथे गाडी बदलून बुगिस गाठावे लागते आणि तिथून दुसऱ्या मार्गाच्या गाडीने दोन स्थानके पुढे लिटल इंडिया येते. वाटेत सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण स्थानकांतले चालणे चुकत नाही. जाताना मेट्रो आणि येताना टॅक्सी अशी विभागणी आपल्याला सोयीची पडेल. मेट्रोसाठी वेगळे कार्ड घेण्याची गरज नाही. परदेशी व्यवहार सुरू केलेले आणि नुसते टेकवून चालणारे आपले बँक कार्ड फाटकावर चालते, मात्र दोघांना दोन कार्डे लागतात आणि थोडा जादा आकार पडतो. गाडीत काही खाणे तर नाहीच, पाण्याचा घोटही घेता येत नाही. दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत आहे.

आणखी एक गोष्ट संकोच न करता लिहितो, कारण आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या बाबतीत ती खरोखर घडू शकते. सिंगापुरात खाण्याचा तंबाखू नेण्यास बंदी आहे. च्युइंग गम आणि ई-सिगारेटही चालत नाहीत. खिशात तंबाखूची पुडी असेल, तर ती मुंबईतच राहू द्यावी.

परतल्यावर लगेच इमिग्रेशन ओलांडून आत जाऊ नका. ‘ज्युएल’ ही २०१९ साली उघडलेली काचेच्या घुमटाची इमारत पहिल्या टर्मिनलला लागून, पण इमिग्रेशनच्या बाहेर आहे. मोशे सफदी या वास्तुविशारदाची ही रचना असून तिच्या मधोमध ४० मीटर उंचीवरून पाणी कोसळते. इमारतीच्या आतला हा जगातला सर्वांत उंच धबधबा. भोवती झाडी आणि बाके आहेत. थकलेल्या माणसाने तासभर टेकावे अशी ही जागा आहे. नंतर आत गेल्यावर काही तासांच्या दराने खोली देणारी ट्रान्झिट हॉटेले आहेत. तिथे आंघोळ करून दोन तास आडवे झालात, तर मेलबर्नला उतरताना मुलाला ताजेतवाने दिसाल. ही खोली घरूनच आरक्षित करावी. औषधे चेक-इनच्या बॅगेत न टाकता जवळ ठेवावीत आणि सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून निघावे.

प्रश्न : न्यूझीलंडहून पुण्याला परतताना मला सिंगापुरात रात्री ११ ते सकाळी ७ असा आठ तासांचा मुक्काम आहे. एवढ्या वेळात शहर पाहता येईल का? निदान तो धबधबा तरी? — एक विद्यार्थिनी

उत्तर : शहराचा विचार सोडा. आपण इमिग्रेशनमधून बाहेर येईपर्यंत मेट्रोच्या शेवटच्या गाड्या निघून गेलेल्या असतील आणि मध्यरात्री टॅक्सीने जाऊन बंद दुकाने पाहण्यात अर्थ नाही. धबधब्याचे दर्शन मात्र बाहेर न पडताही घडते. दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलला जोडणारी विनाशुल्क स्कायट्रेन ज्युएलच्या आतूनच जाते, तेव्हा क्षणभर तो खिडकीतून दिसतो. त्यासाठी उतरल्या उतरल्या जावे. रात्री उशिरा पाणी बंद असते, त्यामुळे आपल्या वेळेला ते कोसळताना दिसेलच याची खात्री नाही.

तिसऱ्या टर्मिनलमधल्या फुलपाखरांच्या बागेची कीर्ती आपण ऐकली असेल, पण फुलपाखरे दिवसा पाहायची. तिथेच मोफत चित्रपटगृह आहे. तरी माझ्या मते आपण सरळ झोपावे. टेकून पाय पसरता येतील अशा खुर्च्यांचे विनाशुल्क विश्रांतिकक्ष आहेत. ते लवकर भरतात, म्हणून जागा आधी धरावी. बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळावा आणि गजर भारताच्या नव्हे, तिथल्या वेळेचा लावावा.

याच विमानतळावर दिवसाचे साडेपाच ते चोवीस तास थांबणाऱ्या प्रवाशांसाठी विमानतळातर्फे सुमारे अडीच तासांची मोफत शहरफेरी असते. प्रवेशाच्या अटी तिलाही लागू आहेत आणि नोंदणी इमिग्रेशन ओलांडण्यापूर्वी करायची असते. पुढच्या खेपेला तिकीट काढताना ही फेरी लक्षात घ्या.

प्रश्न : आम्ही चौघे बालीला चाललो आहोत. स्वस्त पडले म्हणून मुंबई-सिंगापूर एका कंपनीचे आणि सिंगापूर-बाली दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली. मध्ये नऊ तास आहेत. कोणाकडेही दुसऱ्या देशाचा व्हिसा नाही. बाहेर फिरता येईल ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : फिरणे बाजूला ठेवा, आपल्यापुढचा प्रश्न त्याहून मोठा आहे. वर सांगितलेली ९६ तासांची सवलत आपल्याला मिळणार नाही, कारण त्या यादीतल्या कोणत्याही देशाचा व्हिसा आपल्याकडे नाही. शिवाय तिकिटे स्वतंत्र असल्याने मुंबईत दिलेल्या बॅगा बहुधा सिंगापूरपर्यंतच जातील. त्या घ्यायच्या, तर इमिग्रेशन ओलांडावे लागेल आणि तेवढ्यासाठीही व्हिसा लागेल. हे लक्षात आले, तर मुंबईच्या काउंटरवरच आपल्याला विमानात बसू देण्यास नकार मिळू शकतो.

दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे चौघांनी सिंगापूरचा रीतसर व्हिसा अधिकृत एजंटामार्फत काढणे. वेळ असेल तर हीच उत्तम, कारण मग ते नऊ तासही कारणी लागतील. दुसरी म्हणजे फक्त केबिन बॅगा घेऊन, पुढच्या विमानाचे चेक-इन ऑनलाइन करून, इमिग्रेशनच्या आतच थांबणे. ही वाट धरण्यापूर्वी, इमिग्रेशनबाहेर न येता आपल्याला पुढे नेता येईल का, हे दुसऱ्या विमान कंपनीकडून लेखी विचारून घ्या. काही स्वस्त कंपन्या कागदपत्रे पाहण्यासाठी प्रवाशाला काउंटरवरच बोलावतात. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर स्वतंत्र तिकिटांच्या बाबतीत त्याची जबाबदारी दुसऱ्या कंपनीवर नसते, म्हणून नऊ तासांचे अंतर कमी करणारे तिकीट मिळत असले तरी बदलू नका.