लाइट गेली की ती जागेवरच उभी राहते

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तालुक्याच्या गावी कर्णबधिरांच्या निवासी शाळेत ती चौथीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा लाइट गेली की ती जागेवरच उभी राहायची. तिन्हीसांजेला अंगणातल्या बाजेला, शेळीच्या दाव्याला अडखळायची. शाळेतल्या बाई म्हणतात, धांदरट आहे, लक्ष नसतं. शाळेत डोळे तपासले होते, सगळं ठीक निघालं. तशी ती चालायलाही दोन वर्षांची झाल्यावरच लागली. माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालंय. धाकट्या मुलाला चांगलं ऐकू येतं. सध्या तिला गाजर, पपई देते. चष्मा लागला असेल का?
– एक आई, तासगाव तालुका

उत्तर: ताई, चष्मा लागलेला असू शकतो. अशा शाळांत मला सगळ्यात जास्त सापडतो तो नंबरच. पण नंबर असलेलं पोर दिवसाही फळ्याकडे सरकतं. तुमची लेक उजेडात ठीक आणि अंधारात खिळल्यासारखी, हे वेगळं आहे. आणि चालण्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच थांबले.

तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आतच असतो. तो जन्मतः कमजोर असला तर मूल उशिरा चालतं, आणि अंधारात डोळ्यांचा आधार सुटला की नुसत्या तोलापायीही धडपडतं. त्यामुळे पत्रावरून मी आजाराचं नाव चिकटवणार नाही. पण जन्मजात बहिरेपण, उशिरा चालणं आणि रातांधळेपणा तिन्ही एकत्र आले की अशर सिंड्रोमची शंका घ्यावीच लागते. यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो. आधी रात्रीची नजर जाते, मग कडेची, आणि पुढे नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरतं. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नात त्याची शक्यता वाढते. यात दोष कुणाचाच नाही. फक्त डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता हे सांगा.

शाळेतल्या तपासणीवर विसंबू नका. एकदा एका शाळेत एक मुलगा तक्त्यावरच्या सगळ्या ओळी बोटांनी न चुकता दाखवून गेला. मला कौतुक वाटलं. सहज तक्ता उलटा टांगला, तर बोटं पहिल्याच क्रमाने फिरली! रांगेतली पोरं पुढच्याचा हात बघून पाठ करत होती. हातांची भाषा त्यांची, मीच ढ ठरले. आता एकेकाला आत घेते. शिवाय तक्ता फक्त समोरची नजर सांगतो, आणि ती या आजारात बरीच वर्षं चांगली राहते.

तेव्हा थेंब टाकून पडदा बघून घ्या. सुरुवातीला तो वरवर ठीक दिसू शकतो, म्हणून ईआरजी, म्हणजे पडद्याची विद्युत तपासणी, लागते का तेही विचारा. थेंबांनी काही तास जवळचं धूसर दिसतं आणि खोलीतला दिवा घालवतात. तिचं बोलणं-ऐकणं सगळं डोळ्यांवर, म्हणून दोन्ही गोष्टी आधीच खुणांनी समजावा. एका मुलीने अंधार होताच माझा कोट असा धरला की सोडेना. तेव्हापासून मी टॉर्च आधी स्वतःच्या चेहऱ्यावर धरते.

गाजर-पपई चालू दे. अ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही रातांधळेपणा येतो, तेही तपासतील. मात्र त्याच्या गोळ्या मनाने देऊ नका; जास्त झाल्या तर यकृताला बाधतात.

अशर निघालाच तर पडदा पूर्ववत करणारं औषध आज नाही, हे लपवत नाही. पण वेळेवर कळलं तर शाळेत पुष्कळ करता येतं. बाईंनी खिडकीकडे पाठ करून खुणा करू नयेत, चेहऱ्यावर उजेड हवा. खुणा छातीसमोर, आटोपशीर. वसतिगृहात संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा. चष्मा लागलाच तर काडी आणि कानामागची मशीन यांची जागा एकच असते. फ्रेम घेताना मशीन लावूनच बघा.

धाकट्याला चांगलं ऐकू येतं, तर त्याच्यासाठी या आजाराची काळजी नको. आणि तोवर अंगणातली बाज रोज एकाच जागी टाका.