कुडलच्या तुळईवरचं मराठी

सोनू,

डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या कुडलच्या संगमेश्वराच्या देवळात मी तुळईवर कोरलेल्या लेखाकडे बोट दाखवून म्हटलं, बघ, हजार वर्षांपूर्वीचं मराठी, आणि तू पटकन म्हणालीस, "पण आई, तुलाच वाचता येत नाहीये, मग ते आपलं कसं?" मी विषय बदलला. पण ते तेव्हापासून डोक्यात फिरतंय.

लहानपणी आम्ही तिथे काही वाचायला जायचोच नाही गं. श्रावणी सोमवारी हत्तरसंगपर्यंत एसटी आणि पुढे चालत, आजीच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि देवाला बेल. तिथे सीना येऊन भीमेला मिळते आणि हीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा, म्हणून आजी आधी पाण्याला हात जोडायची, मग देवाला. बाकीच्या बायकांशी कन्नडमध्ये बोलायची, देवाशी मराठीत.

तुला आवडलेलं ते 359 मुखांचं शिवलिंग आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, ते ज्यात आहे ते शेजारचं हरिहरेश्वराचं देऊळ मातीत गाडलेलं होतं. 1999 साली ते लिंग निघालं, आणि आम्ही पोरं तर तिथल्याच टेकाडावर बसून जेवायचो! आजीला हे कळल्यावर दोन दिवस हळहळत होती, अगंबाई देवावर बसलो म्हणून.

तुळईवरचा तो लेख शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. जो वाचेल तो विजयी होईल, असा त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ. आजीला तर अक्षरओळखच नव्हती, कागदावर अंगठा उठवायची. ती त्या तुळईखालच्या खांबाला कपाळ टेकायची, भर दुपारी पण तो दगड गार असतो, कपाळाला बारीक माती चिकटायची आणि ती घरी येईपर्यंत पुसायची नाही. वाचता येत नाही त्याचं ते नाही म्हटलं तर मग आजीचं काय, हे मला तुला तेव्हा म्हणता आलं नाही.

पण तुझंही बरोबर आहे राणी, मी शिकलेली, मी वाचायला हवं होतं. म्हणून तू काढलेला फोटो झूम करून तीन रात्री बसले. 'वाछि' एवढं लागलं, म्हणजे वाचील. पुढचं अजून लागत नाहीये. तुझे डोळे चांगले आहेत, शनिवारी बसशील का माझ्याबरोबर? कंटाळा आला तर राहू दे.

आई