उरलेली बाग विकू देऊ नकोस

तासगावहून एक मुलगी लिहिते : 'ताई, परदेशात हेलिकॉप्टरचं कमर्शियल लायसन्स काढलं, परत येऊन डीजीसीएचे, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपरही पास झाले. गाठीशी उड्डाणाचे १६५ तास आहेत. चौदा महिने झाले, जिथं जावं तिथं हजार तास मागतात. आता एक एजंट २५ लाखांत टाइप रेटिंग आणि नोकरीची हमी देतोय. बाबा उरलेली द्राक्षबाग विकायला निघालेत. काय करू?'

बाळा, बाग विकू देऊ नकोस. टाइप रेटिंग म्हणजे एका ठरावीक मॉडेलचं हेलिकॉप्टर उडवायची परवानगी. तू बेल ४०७ चं घेतलंस आणि बोलावणं एडब्ल्यू १३९ वाल्यांकडून आलं, तर ते पैसे पाण्यात. आधी नेमणुकीचं पत्र, मग रेटिंग. आणि नोकरीची हमी विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस.

हजार तासांची अट तुला अपमान वाटते, हे पत्रात जाणवलं. पण यात्रेकरूंना नेणारी केदारनाथची हेलिकॉप्टर फेरी बघ. साडेतीन हजार मीटरहून जास्त उंची, अरुंद दरी, बघता बघता भरून येणारे ढग आणि मशीनमध्ये एकटा पायलट. ऑक्टोबर २०२२ मध्ये गरुडचट्टीजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले, जून २०२५ मध्ये गौरीकुंडजवळ पुन्हा सात. तिथं तुला इतक्यात कुणी घेऊ नये, असंच मला मनापासून वाटतं. शिवाय त्या जागांसाठी सैन्यातून निवृत्त झालेले, हजारो तासांचे पायलट रांगेत असतात.

तुझं दार दोन पायलटांच्या हेलिकॉप्टरचं. उजवीकडे कॅप्टन, डावीकडे तू. मुंबईतल्या जुहू विमानतळावरून मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलफलाटांवर जाणारी उड्डाणं अशीच चालतात. पवनहंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी १९८५ मध्ये मुख्यतः त्याच कामासाठी उभी राहिली. समुद्रावर जायचं तर पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचं प्रशिक्षण लागतं आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवरून उडवायची परवानगी, असेल तर अर्जाला वजन येतं. खर्च करायचाच तर यावर कर, तोही कंपन्यांना विचारून. अमेरिकेत नवे पायलट इन्स्ट्रक्टर होऊन तास जमवतात. आपल्याकडे हेलिकॉप्टरच्या शाळाच मोजक्या, त्यामुळे त्या वाटेवर फार विसंबू नकोस.

घरी बसून ईमेल पाठवणं मात्र थांबव. जुहूला जा, ऑपरेशन्समध्ये किंवा सेफ्टी विभागात मिळेल ते काम धर. पगार कमी असेल, पण को-पायलटची जागा निघाली की ती तुला त्याच दिवशी कळेल, आणि चीफ पायलट तुला चेहऱ्यानं ओळखत असतील. दरवर्षीचं मेडिकल चुकवू नकोस.

राहिले बाबा. 'आज-उद्या होईल' असं त्यांना सांगत आलीस, म्हणूनच ते बाग विकायला निघालेत. त्यांना स्पष्ट सांग, अजून एखाद-दोन वर्षं लागू शकतात. एप्रिलात खरड छाटणी करून ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत फळाची घाई न करणारा माणूस आहे तो. त्यांना हे समजावायला तुला फार शब्द लागणार नाहीत.