पाकिटाची मागची बाजू आधी वाचा

कुत्र्याचं पिल्लू घरी आल्याबद्दल अभिनंदन! त्याचं खाद्य ‘ग्रेन-फ्री’, म्हणजे धान्याविना बनवलेलं, आहे म्हणजे चांगलंच, असं मात्र धरून चालू नका. कुत्र्याला गहू-तांदळाची खरी अ‍ॅलर्जी क्वचितच असते.

२०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) कुत्र्यांच्या डीसीएम (डायलेटेड कार्डिओमायोपॅथी) या हृदयविकाराची आहाराच्या अंगाने चौकशी सुरू केली. यात हृदयाचे स्नायू पातळ होतात, हृदय फुगतं आणि रक्त नीट ढकललं जात नाही. तक्रारी आलेल्या बऱ्याच खाद्यांत धान्याऐवजी वाटाणे, मसूर, हरभरे किंवा बटाटे घटकांच्या यादीत वरच्या क्रमांकावर होते. थेट कारण अजून सिद्ध झालेलं नाही, तरी मी सावधच राहते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि खरी मेख इथेच आहे. वाटाण्याचं पीठ, वाटाण्याचं प्रथिन, वाटाण्याचा कोंडा असं वेगवेगळं लिहिलं की मांस आपोआप पहिलं दिसतं. तिन्ही मनात एकत्र करून बघा.

हृदयाला लागणारं टॉरिन हे अमिनो आम्ल कुत्र्याचं शरीर स्वतः बनवतं, पण गोल्डन रिट्रीव्हर आणि कॉकर स्पॅनियलमध्ये त्याची कमतरता आढळते. डोबरमनमध्ये तर डीसीएम बहुतेकदा आनुवंशिक असतो. म्हणून मनानेच टॉरिनच्या गोळ्या सुरू करू नका, आधी रक्तातलं टॉरिन तपासून घ्या.

माझी कुत्री गाढ झोपली की मी घड्याळ लावून तिच्या छातीची हालचाल मोजते. मिनिटाला तीसच्या आत श्वास हवेत. सतत जास्त भरले, खोकला आला किंवा ती चक्कर येऊन पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि इकोबद्दल (हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल) विचारा. जाताना खाद्याचं पाकीट सोबत न्या.