केमो संपली आहे. बाबांना चालायला पाठवू, की पूर्ण विश्रांतीच बरी?

बाबांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गेल्या महिन्यात केमो संपली आणि आता घरातले सगळे ‘नुसतं पडून राहा’ म्हणतायत. परदेशात व्यायामही उपचारात धरतात ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. खरं आहे. मी डॉक्टर नाही. हाच आजार मला होऊन गेलाय, तेवढ्या अधिकारावर लिहितेय.

आमच्याकडेही हेच चाललं होतं. सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसत. केमोमुळे तळपाय बधिर, गार पाण्याला हात लावला की झिणझिण्या. दोन महिने पलंगावर काढले आणि मग माडीचा जिना चढताना मांड्या लटलट कापायला लागल्या. थकवा जावा म्हणून पडायचं आणि पडून पडूनच आणखी थकायचं.

तुम्ही ऐकलंय तो बहुधा ‘चॅलेंज’ नावाचा अभ्यास. कॅनडातल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये सुरू केला, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात चालला आणि जून 2025 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. तिसऱ्या टप्प्याचा किंवा दुसऱ्या टप्प्यातला जास्त धोक्याचा आतड्याचा कॅन्सर असलेले 889 जण, सगळ्यांचं ऑपरेशन आणि केमो उरकलेली. व्यायामाच्या गटात पाच वर्षांनी 80.3 टक्के लोक आजार न उलटता जगत होते, दुसऱ्या गटात 73.9 टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले 90.3 आणि 83.2 टक्के.

पण मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. आरोग्याच्या माहितीची पुस्तिका दोन्ही गटांना दिली होती! म्हणजे ‘व्यायाम करा’ हे सगळ्यांनाच सांगून झालेलं. फरक इतकाच की एका गटामागे तीन वर्षं एक जाणकार माणूस होता; पहिले सहा महिने तर दर पंधरा दिवसांनी भेट. व्यायामही फार अवघड नाही: आधीच्या हालचालीत आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास झपाझप चालण्याची भर घातली तरी पुरे. आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर ‘हलका व्यायाम’ असे दोन शब्द असतात. हलका म्हणजे किती, ते कोणी सांगत नाही.

ऑस्ट्रेलियात कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेने 2018 मध्येच म्हटलं की व्यायाम हा नेहमीच्या उपचाराचाच भाग हवा. आणि सगळं बाहेरचंच आहे असंही नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने स्तनांच्या कॅन्सरच्या 850 बायकांवर योगाचा अभ्यास केला, निष्कर्ष 2022 मध्ये मांडले, तेही आशादायक होते. कॅन्सर वेगळा, पण योगासनं म्हटल्यावर सासूबाईंचा विरोध निम्मा मावळला, हा माझा फायदा.

आता बाबांचं. आधी त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हिमोग्लोबिन किती, हृदयाचं काही आहे का, ऑपरेशनच्या जागी हर्नियाची भीती आहे का, शौचासाठी पोटावर पिशवी लावलेली असेल तर काय उचलायचं नाही. त्या अभ्यासातही व्यायाम करणाऱ्यांत स्नायू-सांध्यांच्या तक्रारी जास्त होत्या, 18.5 टक्के विरुद्ध 11.5. तेव्हा पहिल्याच दिवशी पाऊण तास नको. जमलं तर फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा.

माझ्यामागचा ‘जाणकार माणूस’ म्हणजे माझी भाची. ती फिजिओ आहे. रोज संध्याकाळी फोन: “आत्या, आज किती मिनिटं?” खोटं सांगितलं की माझ्या आवाजावरून ओळखायची. पहिल्या आठवड्यात मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायची, रंकाळ्यावर फेरी मारायला चार महिने लागले. तुमच्या घरात हा रोजचा फोन कोण करणार, ते आधी ठरवा. तुम्हीच सोबत चाललात तर उत्तमच.

आणि बाबांचे पाय बधिर असतील तर चपला नकोत, बंद बूट घ्या. माझ्या टाचेत खडा रुतला होता, तो मला घरी आल्यावर फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळला.